विहिरीपाशी केलेला फोन

तुम्ही हात जोडून मारता. शिवी नाही, चढा आवाज नाही, अंगाला बोट लावणं नाही. हात जोडायचे, मान जराशी कलती करायची आणि म्हणायचं, "गावासाठी एवढं करा." समोरचा माणूस आपल्या पायांनी चालत जातो आणि मरतो. तुमच्या धोतराला डागसुद्धा पडत नाही.

नाव लिहीत नाही. गावात तुम्हाला नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. सगळे नेते म्हणतात, मीही तेच म्हणेन.

त्या दिवशीही तुम्ही हात जोडलेच होते. खाडीकाठच्या त्या लॉजच्या पायरीवर तुम्ही उभे होतात आणि काखेत पेढ्यांचा रिकामा स्टीलचा डबा होता. आम्ही गाडीतून एकेक उतरत होतो, घाट उतरून अंग आंबलेलं होतं.

"फोन बंद करून ह्यात ठेवा सगळ्यांनी," तुम्ही म्हणालात. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण पलीकडच्या पार्टीला माझ्या विश्वासाची किंमत कुठंय?"

सगळे हसले. एकेक फोन डब्यात पडत गेला.

आमच्या भागात ह्याला सहल म्हणतात. तेव्हा सरपंच थेट लोकांतून निवडून येत नव्हता, सदस्य हात वर करून ठरवायचे. अकरा सदस्य होते, आपले सहा, त्यांचे पाच. म्हणून निवडीआधी आपले सहा उचलायचे, लांब कुठेतरी नेऊन ठेवायचे, मटण घालायचं, पत्ते द्यायचे आणि निवडीच्या सकाळी थेट पंचायतीच्या दारात आणून उतरवायचे. मधल्या वेळात कुणी फोडायला नको. बाजाराला निघालेल्या शेरडांना वाटेत कुणाच्या पिकात तोंड घालू देत नाहीत, त्यातलाच प्रकार.

त्या सहांतली एक मी. महिलेसाठी राखीव वॉर्ड होता आणि तुमच्या गाडीवर ड्रायव्हर असलेल्या माणसाची बायको हाताशी होती. तुम्ही आमच्या उंबऱ्यात येऊन हात जोडलेत आणि मी उभी राहिले. आमच्या घरात तुम्हाला नाही म्हणायची पद्धत नव्हती. हिंदूरावांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, सगळं जगणं तुमच्या गाडीच्या चावीला लटकलेलं होतं.

डबा माझ्यापुढे आला तेव्हा मी फोन हातातच धरून ठेवला.

"नेते, मला दवाखान्यात फोन करायची वेळ आली तर?"

"तर हा डबा कुणापाशी आहे? माझ्यापाशीच ना? वैजू, पोरी, नुसतं म्हण, नेते फोन करा. केलाच समज."

मागून मालनअक्का बोलल्या. तुमच्या थोरल्या भावजय, त्यांनाच सरपंच करायचं होतं. "पाचव्या म्हयन्यात कसला गं दवाखाना? आमी नववा लागला तरी वैरणीचा भारा उचलत हुतो. बांधावरच जन्मली माझी थोरली."

"अक्का, तुमचं हाड दणकट," मी म्हणाले.

"हाडाचं काय न्हाई. आमाला कुणी लाडात ठेवलं न्हवतं."

मी फोन डब्यात टाकला.

आता माझ्या पोटाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्याआधी दोन वेळा मला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पाचव्यातच सगळं निसटलं होतं. पहिल्यांदा न्हाणीघरात. दुसऱ्यांदा शेताच्या वाटेवर. तिसऱ्या वेळी मी तालुक्याच्या डॉक्टर मॅडमना गाठलं. त्यांनी तपासून सांगितलं, पिशवीचं तोंड अशक्त आहे, वजन पेलत नाही. त्यांनी त्या तोंडाला टाका घातला. ही गोष्ट तीनच माणसांना ठाऊक होती, मॅडमना, मला आणि हिंदूरावांना. सासूला कळलं असतं तर तिने ते गल्लीत वाटलं असतं. फाटक्या गोणीला शिवतात तशी सून शिवून आणली, असं.

मॅडमनी मला समोर बसवून बजावलं होतं. पोटात बारीक कळ येईल. आली की घाबरायचं नाही. लघवीला जाऊन यायचं, तांब्याभर पाणी प्यायचं, डाव्या कुशीवर पडायचं. तेवढ्याने थांबली तर ती बिनकामाची कळ. थांबली नाही, राहून राहून यायला लागली, पोट दगडासारखं घट्ट व्हायला लागलं, कंबर धरली, तर मला फोन करायचा आणि निघायचं. "नवऱ्याला विचारायचं नाही, सासूला विचारायचं नाही. मी सोडून कुणाचं ऐकायचं नाही," असं म्हणाल्या होत्या. प्रवासालाही त्यांनी मनाई केली होती.

ते मी तुम्हाला घरी सांगितलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "गाडी कोण चालवणार? तुझाच नवरा. फुलासारखी नेईल." आणि फुलाने मान डोलावली होती. गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा हिंदूराव मला मोरीत घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "माझी चावी जाईल गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. खाली ओसरीवर पुरुषमाणसांचा पत्त्यांचा डाव रंगला होता. वरच्या खोलीत मी आणि मालनअक्का. अक्का तळलेल्या मांदेलीचं ताट मांडीवर घेऊन खाटेवर बसल्या होत्या, काटे खिडकीच्या कट्ट्यावर मांडत होत्या. मी उठून पाणी घ्यायला गेले आणि ओटीपोटात कळ आली.

फार नव्हती. पाळीच्या आदल्या दिवशी येते तशी. आतून कुणीतरी धोतराचा पिळा घालून सोडून द्यावा, एवढीच.

मी लघवीला जाऊन आले. तांब्याभर पाणी प्यायले. डाव्या कुशीवर पडले.

"काय झालं?" अक्कांनी तोंडातला काटा काढत विचारलं.

"बारीक कळ आली."

"मासा बाधला असंल. तुमी घाटावरची माणसं, तुमाला मासा सोसत न्हाई."

"मी खाल्लाच नाही."

"मग न खाल्ल्यामुळं आली असंल."

मी हसले. खरंच हसले, कारण कळ गेली होती. फरशीवर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत पडून राहिले. सावल्या खाटेच्या पायापर्यंत येतील तोवर परत आली नाही तर ती बिनकामाची, असं मी मनाशी धरलं. सावल्या निम्म्या वाटेवर होत्या तेव्हा दुसरी आली. मग तिसरी. प्रत्येक वेळी पोटावर हात ठेवला तर पोट जरा टणक लागायचं आणि मग सैल व्हायचं.

मी उठले.

"कुठं निघालीस?"

"नेत्यांकडं. फोन करायचाय."

"अगं, कुथायला झालं की फोन, पादायला झालं की फोन. असल्या नाजूक बाईला कशाला उभी केली म्हणावं." अक्का ताट चाटत म्हणाल्या. "मी सरपंच झाल्यावर पैला ठराव ह्योच करते बघ, गरवार बायांसाठी पालखी."

मी जिना उतरून खाली गेले. तुम्ही डावात नव्हता. बाजूला आरामखुर्चीत बसला होतात, डबा पायाशी होता, तुमचा स्वतःचा फोन मांडीवर.

"नेते, माझ्या पोटात कळा येतायत. मला दवाखान्यात न्या."

डाव थांबला. सगळ्यांनी आधी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मग तुमच्याकडे. त्या सगळ्यांच्या डोळ्यांत एकच हिशेब होता आणि मला तो वाचता येत होता.

"फार आहेत का?" तुम्ही विचारलंत.

"फार नाहीत. पण थांबत नाहीत."

"फार नाहीत ना? मग बस आधी." तुम्ही स्वतः उठून मला खुर्ची दिलीत. हे मी विसरलेले नाही. "हे बघ वैजू. तालुका इथून घाटावर. तू गेलीस, तिकडं तुला ॲडमिट करून घेतलं, तर इकडं काय राहिलं? पाच आणि पाच. मग चिठ्ठी. चिमुरड्या पोराच्या हातानं डब्यातनं चिठ्ठी काढायची आणि त्या चिठ्ठीवर गाव सोडायचं?"

"तालुक्याला नको. इथं जवळ असेल तिथं न्या."

"आणि इथल्या दवाखान्यात त्यांचं माणूस बसलेलं नसेल कशावरून? तुला आत घेतील आणि मागच्या दारानं नेतील. मग मी हिंदूरावला काय तोंड दाखवू?"

पत्ते पिसणारा एक जण म्हणाला, "नेते, तिकडची पार्टी पाचवा महिनाच बघत बसलीय. त्यांनी नवस बोललाय म्हणं."

दोघे-तिघे हसले. तुम्ही त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलंत. तुमच्या समोर कुणी बाईमाणसाची चेष्टा करत नाही, अशी तुमची ख्याती आहे.

"मग मॅडमना फोन तरी करा," मी म्हणाले. "त्यांनी जा म्हटलं तर न्या. पडून राहा म्हटलं तर राहते पडून."

"हे शहाण्यासारखं बोललीस. नंबर सांग."

नंबर मला पाठ होता. मी एकेक आकडा सांगत गेले आणि तुम्ही तो मोठ्याने म्हणून बटण दाबत गेलात. मग फोन कानाला लावलात, पुन्हा खाली घेतलात.

"इथं रेंज नाही. विहिरीपाशी येते. तू वर जाऊन पड, जिन्यानं चढउतार करत बसू नको. मी बोलून येतो."

मी वर गेले, पण पडले नाही. खिडकीपाशी उभी राहिले. अक्कांचे मांदेलीचे काटे माझ्या कोपराला टोचत होते.

विहीर आवाराच्या टोकाला होती. तिच्या अलीकडे गाडी उभी होती आणि हिंदूराव बादली घेऊन ती धूत होते. तुम्ही विहिरीच्या कठड्याला टेकून उभे राहिलात. फोन लागला. तुम्ही आधी बराच वेळ ऐकून घेतलंत. मी मनात म्हटलं, मॅडम सगळं विचारतायत. मग तुम्ही बोलायला लागलात. मध्येच हसलात. मॅडम कधी कधी अशा रागवायच्या की माणसाला हसू यावं, मला ते ठाऊक होतं, म्हणून मीही वर खिडकीत हसले. मग तुम्ही डावा हात वर केलात. दोन बोटं ताठ केलीत आणि तिसरं अर्धं मोडलंत. फोनवरच्या माणसाला दिसत नसतं, तरी माणसं हात करतातच. तुम्ही ती अडीच बोटं दोनदा हवेत नाचवलीत. एकदा इकडे, एकदा तिकडे.

अडीच. अडीच काय असेल? अडीच तास पडून राहायचं? मी खिडकीत उभी राहून त्या अडीच बोटांचा अर्थ लावत होते, आणि त्याच वेळी आत पुन्हा पिळा पडला.

तुम्ही फोन खिशात घातलात. गाडीकडे वळलात. हिंदूराव ओल्या हातांनी उभे राहिले. तुम्ही काहीतरी विचारलंत, त्यांनी मान खाली घालून काहीतरी सांगितलं. मग तुम्ही निघालात आणि जिन्यावर तुमच्या चपला वाजल्या.

तुम्ही दारातच थांबलात. बाईमाणसाच्या खोलीत तुम्ही पाऊल टाकत नाही.

"बोललो मॅडमशी. काळजीचं काही नाही."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, टाका घातलाय, मग थोडी ओढ बसणारच. टाका आपलं काम करतोय त्याची ती कळ. डाव्या कुशीवर पडून राहायचं."

टाका. हा शब्द तुमच्या तोंडून आला आणि माझा जीव भांड्यात पडला. टाक्याचं तुम्हाला मॅडमशिवाय कोण सांगणार होतं? लाज वाटली, अक्कांनी ऐकलं म्हणून. पण लाजेपेक्षा सुटकाच मोठी होती.

"आणि ते अडीच काय म्हणत होत्या?" मी विचारलं. "अडीच तास?"

तुम्ही जरासे थांबलात. अगदी जरासेच.

"हां. अडीच तास हलायचं नाही म्हणाल्या."

मी तुम्हाला हात जोडले. उठून नीट पदर घेऊन जोडले. "उपकार झाले, नेते," म्हणाले.

"उपकार कसले? तू आमच्या घरची," तुम्ही म्हणालात आणि जिना उतरून गेलात.

"शिवलीय व्हय गं तुला?" अक्का खदखदून हसल्या. "मग कशाला घाबरतीस? शिवलेलं काय सांडतंय?"

मी डाव्या कुशीवर पडले. खाली एकाएकी आवाज वाढला होता. कुणीतरी बोकड आणायला गेलं, कुणीतरी बाटल्या मागवल्या. काल तुम्ही म्हणाला होतात, निवड होईपर्यंत कुणी प्यायची नाही. आज तुमचाच आवाज ऐकू आला, "घ्या रे, घ्या, आता काय."

कळ येत होती आणि जात होती. प्रत्येक वेळी मी स्वतःला समजावत होते, हा टाका ओढतोय. टाका आपलं काम करतोय. मॅडमनी सांगितलंय. माझी कंबर भरून आली तेव्हा मी म्हटलं, डाव्या कुशीवर फार वेळ पडल्यामुळे असेल. पोट दगडासारखं झालं आणि दगडच राहायला लागलं तेव्हा मी अक्कांना म्हटलं, "अक्का, नेत्यांना पुन्हा एक फोन करायला सांगा."

"डागतरणीपेक्षा तुला जास्त कळतं? अडीच तास म्हनली ना ती? झालं का अडीच तास?"

झाले नव्हते. मॅडमनी सांगितलेला वेळ पुरा करायचाच, अशी मी पडून राहिले.

दिवेलागणीला अंथरूण ओलं झालं. आधी मला वाटलं, लघवी सुटली. अक्कांनी दिवा लावला, वाकून बघितलं आणि त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. त्या जिन्यात जाऊन ओरडल्या.

गाडी लगेच निघाली. पाच आणि पाचचं काय, चिठ्ठीचं काय, मागच्या दाराचं काय, कुणी एका शब्दानेही बोललं नाही. तुम्ही स्वतः फाटकाची साखळी काढलीत. "लवकर घेऊन जा," म्हणालात. हिंदूरावांनी मागच्या सीटवर खताच्या पोत्याचं प्लास्टिक अंथरलं होतं. मला उचलून त्यावर ठेवलं. गाडी दुपारीच धुतलेली होती.

तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी टाका कापला. मुलगी होती. ओंजळीत मावेल एवढी. ती दोन-चार वेळा तोंड उघडून मिटत राहिली, माशासारखी, मग थांबली. नर्सबाई म्हणाल्या, "दुपारीच आणायचं होतं ना. दुपारी आणलं असतं तर थांबवायला इंजेक्शन तरी देता आलं असतं. जगली असती असं नाही म्हणत. पण प्रयत्न केला असता."

मी म्हटलं, "आम्ही डॉक्टरांना विचारलं होतं."

हिंदूराव पायथ्याशी उभे होते. ते बाहेर निघून गेले.

मला तिथेच ठेवून घेतलं. निवडीचा दिवस उजाडला तेव्हा मी खाटेवर होते आणि माझं मत माझ्याबरोबर खाटेवर होतं. संध्याकाळी हिंदूराव मला न्यायला आले. कानाच्या पाळीत, नाकपुडीत, शर्टच्या खिशात सगळीकडे गुलाल. त्यांनी मला उठवायला हात दिला, तर पांढऱ्या चादरीवर गुलाबी पंजा उठला.

"पाच-पाच झालं ना?" मी विचारलं. "चिठ्ठी कुणाची निघाली?"

"चिठ्ठी न्हाई. बिनविरोध झालं. अक्का सरपंच, त्यांचा उपसरपंच."

"ते पाच कसे काय तयार झाले?"

"नेत्यांनी जमवलं," एवढंच म्हणाले आणि माझी पिशवी उचलून चालू लागले.

महिन्याने मी तालुक्याला गेले. मॅडम माझ्यावर संतापल्या. "फोन का नाही केलास? तुला किती वेळा बजावलं होतं."

"केला होता की. नेत्यांनी केला. तुम्हीच म्हणालात, टाका ओढतोय, अडीच तास पडून राहा."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मी? मला कुणाचा फोन आलेला नाही, वैजयंता. आणि असं मी जन्मात म्हणणार नाही."

मी तशीच एसटीने तुमच्या बंगल्यावर आले. आठवतं? ओसरीवर माणसं बसली होती. तुम्ही मला आत घेतलंत, चहा मागवलात आणि हात जोडलेत. "मॅडमचा फोन लागलाच नाही गं. मग माझ्या ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं. तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. तेही मोठे डॉक्टर आहेत. माझंच चुकलं म्हण." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चहा पिऊन घरी आले. माणसाच्या डोळ्यांतलं पाणी बघून मी तेव्हा माणसावर विश्वास ठेवायची.

पण टाक्याचा काटा रुतलेलाच राहिला. त्या दुसऱ्या डॉक्टरांना टाक्याचं कुणी सांगितलं?

अडीच वर्षांनी मालनअक्कांनी राजीनामा दिला. पंचायतीच्या बैठकीत मी बसले होते. समोरच्या पार्टीची बाई सरपंच झाली, कुणी विरोध केला नाही. समोरच्यांचा म्होरक्या तुमच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "नेते शब्दाचे पक्के. अडीच तुमची, अडीच आमची." आणि त्याने बोटं वर केली. दोन ताठ, तिसरं अर्धं मोडलेलं. एकदा इकडे, एकदा तिकडे.

सगळे टाळ्या वाजवत होते. मला त्या टाळ्यांत विहिरीचा कठडा दिसत होता.

घरी येऊन हिंदूरावांना विचारलं. ते जेवत होते. भाकरी तशीच ठेवून उठले. पुढे कितीतरी वर्षं त्यावर बोलले नाहीत. बोलले ते तुम्ही त्यांच्याकडून चावी काढून घेतलीत त्या दिवशी. म्हातारा झाला, नजर कमी झाली, असं म्हणून तुम्ही त्यांना घरी पाठवलंत. ते तरातरा आत आले आणि माझ्यापुढे उभे राहिले.

"लिही," म्हणाले. "तू पेपरात लिहितीस ना? ह्येबी लिही. त्या दिवशी त्यो फोन डागदराला न्हवताच. समोरच्यांना हुता. अडीच-अडीच वर्षांचं तिथंच ठरलं. माझ्यासमोर. तुझ्या मताची गरज तिथंच संपली."

"तुम्ही ऐकत होता?"

"गाडी धूत हुतो."

"आणि टाक्याचं?"

ते खाली बसले. "फोन खिशात घातला आणि मला म्हनले, हिला नक्की झालंय काय रे? मी सांगितलं. वर जाऊन काय सांगणार हायत ते मला ठावं न्हवतं."

"मी अंथरुणात भिजेपर्यंत ठावं नव्हतं?"

त्या दिवसापासून मी त्यांना दोन वेळा जेवायला वाढते. त्यापलीकडे आमच्यात काही नाही. त्यांना चावी गेल्याचं दुःख होतं, आणि त्या दुःखात त्यांच्या तोंडून पोरीचं निघालं. चावी हातात असती तर ते तसंच पोटात ठेवून मेले असते. त्यांचं माझं मी बघेन. हा कागद त्यांच्यासाठी नाही.

तुमच्यासाठी आहे. कारण परवा तुमचा माणूस निमंत्रण घेऊन आला. तुमच्या आईच्या नावाने तालुक्याच्या दवाखान्यात जोखमीच्या बाळंतिणींसाठी वेगळा वॉर्ड निघतोय म्हणे. तुम्ही फीत कापणार आहात. आणि आपल्या गावची लिहिणारी बाई म्हणून मी दोन शब्द बोलावेत, अशी तुमची इच्छा आहे. तुमचा माणूस म्हणाला, "नेत्यांनी हात जोडून सांगितलंय."

मी येईन. दोन शब्द मी बोलणार नाही, तुम्ही बोला.

फोन करायच्या आधी तुम्ही मला अडवलंत, ते मी समजू शकते. तुम्हाला सहावा हात हवा होता आणि तो माझ्या पोटाला चिकटलेला होता. बाजारातला माणूस तसंच करतो. पण फोन खिशात घातलात त्या घटकेला मी तुमच्या काही कामाची राहिले नव्हते. गाडी धुऊन उभी होती. ड्रायव्हर माझाच नवरा होता आणि शुद्धीवर होता. फाटकाची साखळी तुमच्याच हातात होती. "जा" एवढं म्हणायचं होतं, आणि त्यात तुमचं काहीही जात नव्हतं. ना खुर्ची, ना गाव, ना शब्द.

तरी तुम्ही गाडीपाशी थांबून माझ्या पोटातलं विचारून घेतलंत. मग आवार ओलांडलंत, जिना चढलात, दारात उभे राहिलात आणि माझ्या डॉक्टरणीच्या नावाने मला पडून राहायला सांगितलंत. का?

त्या माइकवरून सांगा. मी पहिल्या रांगेत बसलेली असेन.